जाहिरातवाल्यांनो, माघार घेऊ नका: कराडच्या एका सलूनवाल्याचं खुलं पत्र

पुरुषांसाठी जाहिराती बनवणाऱ्या, त्या बनवायला पैसे देणाऱ्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कराडमध्ये सलून चालवतो. दुकान वडिलांनी टाकलं, एका लाकडी खुर्चीवर. आता तीन खुर्च्या आहेत, हाताखाली दोन मुलं आहेत आणि मला या कामात सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं माझ्यासमोर पुरुषच बसत आलेत. पुरुषाच्या मनात काय चाललंय यावर तुमच्याकडे बैठका होत असतील. माझ्याकडे तो मान मागे टाकतो, डोळे मिटतो, गळा उघडा करून देतो आणि पातं फिरायला लागलं की हळूहळू बोलायला लागतो. नोकरी गेल्याचं, बायको माहेरी निघून गेल्याचं, भावाने बांधावरून कोर्टात खेचल्याचं. घरी सांगत नाही ते मला सांगतो. म्हणून, पुरुषाने कसं वागावं यावर जाहिरातीत बोललात आणि लोक चिडले तरी मागे हटू नका, हे सांगणारं हे पत्र लिहायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी समजतो.

2019 च्या संक्रांतीचा आठवडा होता. एक नेहमीचं गिऱ्हाईक खुर्चीत होतं, उजवा गाल झालेला, डाव्या गालावर फेस. बाकावर बसलेल्या त्याच्या मित्राने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "हे बघ, ज्यांची पाती तुम्ही लोक वापरता, ते आता आपल्याला वागायचं कसं ते शिकवायला लागलेत." जिलेटची अमेरिकेतली नवी जाहिरात होती ती. पावणेदोन मिनिटांची. इंग्रजी आम्हाला सगळं कळलं नाही, पण कळण्यासारखं बरंच होतं. एका पोराला बाकीची पोरं पळवून मारतात. दोन मुलं गवतावर लोळून एकमेकांना बुकलतात आणि शेगड्यांमागे ओळीने उभे असलेले बाप हाताची घडी घालून एकच वाक्य म्हणत राहतात, पोरं म्हटल्यावर असंच चालायचं. मग एक बाप त्या ओळीतून बाहेर येतो आणि मुलांना सोडवतो. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीच्या मागे निघालेल्या मित्राला एक जण अडवतो. त्यात दाढी करायचा प्रसंग नाही, वस्तऱ्याची धार किती ते नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. यूट्यूबवर दहा लाखांहून जास्त लोकांनी अंगठा खाली केला. माणसांनी रेझर संडासात टाकून त्याचे फोटो लावले. बहिष्काराच्या हाका दिल्या गेल्या. आणि अमेरिकेतल्या त्या भांडणाच्या ठिणग्या कराडच्या माझ्या दुकानात पडल्या. त्या संध्याकाळी तिन्ही खुर्च्यांवरचे आणि बाकावरचे असे सात-आठ जण तासभर वाद घालत होते. निम्मे म्हणत होते, यात चूक काय दाखवलंय. निम्मे चिडले होते.

चिडलेल्यांपैकी एकाचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. हा माणूस एसटीत वाहक होता. शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. तो म्हणाला, "मी आयुष्यात कधी कुणा बाईला धक्का लावला नाही. रात्रीच्या शेवटच्या गाडीत एकटी मुलगी असली तर तिचं कुणी न्यायला येईपर्यंत गाडी थांबवली आहे. मग हे मला कशाला सांगतायत?"

तुमच्यातले बरेच जण अशा माणसाला लगेच मागासलेला ठरवून मोकळे होतात. तसं करू नका. जाहिरातीत एक वाक्य होतं, काही पुरुष चांगलं वागतात खरं, पण काहींनी भागत नाही, अशा अर्थाचं. वाक्य खरं आहे. पण ज्याने आयुष्यभर नीट वागायचा प्रयत्न केला, त्याला ते कसं ऐकू येतं याचा विचार करा. वर्गात चार पोरांनी दंगा केला आणि मास्तरांनी सगळ्यांना उभं केलं, तर न केलेल्या पोराच्या मनात जी चीड येते, तीच ही. आणि ती चीड एकदा आली की जाहिरातीतलं खरं काय ते तो माणूस बघायलाच तयार होत नाही.

त्याच वेळी दुकानात चिडलेल्यांमध्ये आणखी एक जण होता. त्याच्याबद्दल घरोघरी काय बोलतात ते मला ठाऊक आहे, त्याच्या बायकोच्या हातावरचे वळ आमच्या आळीने पाहिलेत. तोसुद्धा तेच म्हणत होता, मला कशाला सांगतायत. शब्द तेच. त्या दोघांचा आवाज त्या संध्याकाळी सारखाच होता आणि मोबाईलवरच्या अंगठ्यांमध्ये तर तो फरक कळायचा मार्गच नाही. दहा लाख अंगठ्यांत वाहक किती आणि दुसरा किती, हे तुम्ही मोजू शकत नाही. म्हणून विरोध झाला की सगळा विरोध एकाच टोपलीत टाकायचा, आणि घाबरायचं नाहीतर तुच्छतेने बघायचं, हे दोन्ही चूक आहे.

वाहकाला राग का आला, यावर मी पुढे खूप विचार केला. त्यात तुमच्याच धंद्यातलं एक उदाहरण मला सापडलं. एरियल नावाची कपडे धुण्याची पावडर. कंपनी तीच, जिलेटची मालक असलेली पी अँड जी. भारतात 2015 पासून त्यांनी घरकाम वाटून घेण्याबद्दल जाहिराती केल्या आणि 2016 मध्ये त्यातली एक फार गाजली. वडील मुलीच्या घरी आलेत. मुलगी ऑफिसातून येऊन फोनवर काम करते, स्वयंपाक करते, मुलाचं आवरते आणि नवरा टीव्हीसमोर बसून राहतो. वडील काही बोलत नाहीत. जाताना मुलीला चिठ्ठी लिहून ठेवतात, माझं चुकलं, मी तुझ्या आईला कधी हात लावू लागलो नाही, तेच बघून तू मोठी झालीस. मग घरी जातात आणि स्वतःचे कपडे मशीनमध्ये टाकायला घेतात.

ही जाहिरात मी दुकानात मुद्दाम लावली होती. तोच वाहक ती बघून गप्प झाला आणि मग म्हणाला, "आमचे वडील पण ताटावरून पाण्यासाठी उठायचे नाहीत." त्याला कुणी आरोपी केलं नव्हतं. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने आधी स्वतःचा कान धरला होता, म्हणून ह्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. आपल्याकडे म्हणतात ना, आधी केले मग सांगितले. सगळा फरक तिथे आहे.

जिलेटने 1989 साली त्यांचं प्रसिद्ध घोषवाक्य आणलं, पुरुषाला मिळू शकेल असं सर्वोत्तम. नंतर तीस वर्षं तुम्ही लोकांनी तो सर्वोत्तम पुरुष कसा दाखवलात? गुळगुळीत जबडा, पिळदार दंड आणि दाढी झाली रे झाली की मागून येऊन गालावर हात फिरवणारी बाई. भारतात 2009 च्या सुमारास याच कंपनीने खुंट वाढवणाऱ्या आळशी पुरुषांविरुद्ध बायकांची चळवळ म्हणून मोहीम चालवली होती. म्हणजे बाईला काय आवडतं ते सांगून आम्हाला पाती विकली. 2019 च्या त्या जाहिरातीत मुलं एक पडदा फाडून धावत येतात, आणि त्या पडद्यावर जिलेटचीच जुनी जाहिरात चालू असते. कल्पना चांगली होती. पण पडदा फाडला म्हणजे कबुली दिली असं होत नाही. ते चित्र आम्हीच रंगवलं, त्यावर आम्ही पैसे कमावले, त्यात आमचं चुकलं, हे तोंडाने म्हणायला हवं होतं. ते तीस सेकंद आणखी लागले असते तर कराडच्या वाहकाने ऐकलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे फक्त एका परदेशी कंपनीचं नाही. 2005 साली आपल्याकडे पुरुषांची गोरेपणाची क्रीम आली. तिच्या जाहिरातीत पोरगा लपूनछपून बायकांची क्रीम लावतो आणि त्याची लाज काढली जाते. त्या काळात माझ्या दुकानात सोळा-सतरा वर्षांची पोरं आरशासमोर बसून विचारायची, "दादा, फेशियलने किती उजळेल?" शेतात राबून काळवंडलेली पोरं होती ती. त्यांना आपल्या रंगाची लाज कुणी वाटायला लावली? आणि 2022 च्या जूनमध्ये लेयर शॉट या बॉडी स्प्रेच्या जाहिराती आल्या, ज्यात एका मुलीमागे चार पोरं उभी राहून शॉट कोण घेणार म्हणतात, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावरची भीती हा विनोदाचा भाग होता. लोक खवळले. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने त्या काढायला लावल्या, जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे जाहिरात धंद्यानेच स्वतःवर देखरेखीसाठी उभ्या केलेल्या संस्थेने, थांबवल्या, कंपनीने माफी मागितली. ती जाहिरातसुद्धा पुरुषपणावर भूमिकाच घेत होती. फक्त ती भूमिका आम्हाला इतकी सवयीची होती की अनेक वर्षं तिला कुणी भूमिका म्हटलंच नाही.

लोकांचा राग वाईटच असतो असं म्हणणाऱ्यांनी हे 2022 चं आठवावं. त्या रागाने चांगलं काम केलं.

आता भूमिका घेण्याबद्दल थोडं, कारण आमच्या समाजाला हा शब्द नवा नाही. 1890 साली मुंबईत न्हाव्यांनी संप केला होता. गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. कारण पगाराचं नव्हतं, दराचंही नव्हतं. विधवा बाईच्या डोक्यावर आम्ही वस्तरा फिरवणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या काळात केशवपन म्हणजे दर काही दिवसांनी ठरलेलं काम, ठरलेले पैसे, आणि वरच्या जातीच्या घरांशी असलेले संबंध. ते सगळं त्या माणसांनी आपणहून सोडलं. त्यातले कितीतरी जण लिहायला-वाचायला शिकलेले नसतील. माझे वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा हात आपोआप खिशातल्या वस्तऱ्यावर जायचा. त्यांनी मला त्यातून जे शिकवलं ते असं, की भूमिका घेतली की आपल्या गल्ल्यातून काहीतरी जातं. काहीच जात नसेल, तर ती भूमिका आहे की धंदा आहे हे लोक विचारणारच, आणि त्यांना विचारू द्यावं.

जिलेटने त्या जाहिरातीबरोबर तीन वर्षं दर वर्षी दहा लाख डॉलर सामाजिक संस्थांना द्यायचं जाहीर केलं होतं. ते माझ्या हिशेबाने चांगलं केलं, आणि त्याबद्दल फार कुणी बोललं नाही याचं मला वाईट वाटलं. बोललं गेलं ते दुसऱ्याच आकड्याबद्दल. जुलै 2019 मध्ये पी अँड जीने जिलेटचं मूल्य हिशेबात आठ अब्ज डॉलरने कमी केलं आणि लगेच सगळीकडे पसरलं, बघा, पुरुषांना दुखावलं, बुडाले. आजही दुकानात कुणीतरी हे मला ऐकवतं, आणि तुमच्या बैठकांतही हे उदाहरण देऊन चांगल्या कल्पना गाडल्या जात असणार.

ह्याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण माझंही नुकसान त्याच कारणाने झालं. कंपनीने स्वतः कारणं दिली होती: चलनांचे दर, स्वस्त स्पर्धक, आणि पुरुषांनी दाढी कमी वेळा करणं. शेवटचं कारण मला रोज दिसतं. साधारण 2015 पासून पोरं दाढी राखायला लागली. पूर्वी रविवारी सकाळी माझ्याकडे दाढीसाठी रांग असायची, तुरटीचा खडा दोन आठवड्यांत झिजायचा. आता तीच पोरं महिन्यातून दोनदा येतात, ट्रिमरने आकार देऊन घेतात. वस्तऱ्यात अर्धं पातं घालतो ते फक्त कडा ओढायला. लॉकडाऊननंतर 28 जून 2020 ला आम्हाला दुकानं उघडायची परवानगी मिळाली तेव्हा फक्त केस कापायला मिळाली, दाढीला बंदी होती. त्या काळात ट्रिमर घेतलेली कितीतरी गिऱ्हाईकं दाढीला परत आलीच नाहीत. यातल्या एकानेही मला 2019 च्या जाहिरातीचं नाव सांगितलेलं नाही. तेव्हा त्या आठ अब्जांची भीती मनातून काढून टाका.

कारण भीतीने तुम्ही माघार घेता, आणि ती माघार मला त्या रागापेक्षा जास्त लागते. उत्तरेत बायका नवऱ्यासाठी उपास धरतात त्या करवा चौथला, 2021 मध्ये, डाबरच्या एका जाहिरातीत दोन बायका जोडीदार म्हणून एकमेकींसाठी उपास करताना दाखवल्या होत्या. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला आणि जाहिरात मागे गेली. ज्या घरात तशी एखादी मुलगी असेल, तिने ती जाहिरात आधी बघून आणि मग काढून टाकलेली बघून काय समजायचं? दार उघडून तोंडावर बंद करण्यापेक्षा न उघडलेलं बरं. एकदा बोललात की टिकून राहा. दुरुस्ती करा, पुन्हा समजावून सांगा, पण पळून जाऊ नका.

आता माझ्या बाजूचं सांगतो, कारण दुसऱ्याचा कान धरायचा तर आधी स्वतःचा.

शेगड्यांमागे उभे राहून तेच वाक्य म्हणणारे ते बाप बघताना मला कुणीतरी आतून ढोसलं. लहान पोरगं केस कापायला येतं तेव्हा खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून आम्ही त्याला वर बसवतो. गळ्याला कापड बांधलं, मशीनचा आवाज झाला की ते रडतं. तीन-चार वर्षांचं असतं ते. बाप शेजारी उभा असतो, दुकानात चार लोक बघत असतात म्हणून तो ओशाळतो. आणि मी, त्याला सोडवायला म्हणून, वीस वर्षं एकच वाक्य म्हणत आलो: "पोरीसारखं रडतोस काय रे? बाप्या ना तू?" पोरगं हुंदका गिळायचं. बाप हसायचा. माझं काम होऊन जायचं. किती पोरांना मी हे बोललो असेन त्याचा हिशेब नाही.

ती पोरं मोठी झाली की मला पुन्हा भेटतात. चार वर्षांपूर्वी प्रीतिसंगमावर दहाव्याला गेलो होतो. तिशीतला मुलगा, वडील अचानक गेलेले. डोकं केलं आणि मिशीला पाणी लावलं तसा तो हलायला लागला. मी वस्तरा थांबवला. त्याच्या डोक्यावर माझा डावा हात होता, आतून येणारा थरथराट तळव्याला कळत होता. मागून चुलते म्हणाले, "अरे, बाप्या माणूस असून काय हे? बायका बघतायत." त्याने डोळे घट्ट मिटले, जबडा आवळला आणि मला मानेने खूण केली, करा. मी केली. तो माझ्याच दुकानातल्या फळीवर बसून मोठा झालेला मुलगा होता. मी तिथे चुलत्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

आता फळीवर बसलेल्या पोराला मी ते वाक्य म्हणत नाही. मशीन बंद करतो, त्याच्या हातात कंगवा देतो, रडून होईपर्यंत थांबतो. दहा मिनिटं जातात. रविवारी दहा मिनिटं म्हणजे एक गिऱ्हाईक. हाताखालच्या मुलांनाही तसं सांगितलंय. एका बापाने मला सुनावलं, "लाडावून ठेवताय पोरांना." त्याने दुकान बदललं. बाकीचे येतात.

तुमच्याकडून मला जे हवं आहे ते फार मोठं नाही. जाहिरात मानक परिषदेने जून 2022 मध्ये स्त्री-पुरुषांच्या ठरावीक प्रतिमांबद्दल नियम आणले. साच्यात न बसणाऱ्या माणसाची टर उडवू नये, हे त्यात आहे. ते नियम मोठ्या गाजणाऱ्या जाहिरातींपुरते ठेवू नका. वर्षातून एकदा महिला दिनाला येणाऱ्या भावुक फिल्मपेक्षा रोज शंभर वेळा लागणाऱ्या पानमसाल्याच्या, बनियनच्या, बाईकच्या जाहिराती पोरांवर जास्त परिणाम करतात, कारण माझ्या दुकानातला टीव्ही दिवसभर चालू असतो आणि फळीवरची पोरं त्याच बघतात. त्यात एखादा बाप मुलाला जवळ घेताना दिसू द्या. एखादा पैलवान रडताना दिसू द्या. पुरुषाने पोळी लाटली म्हणजे विनोद झाला असं दाखवणं थांबवा. आणि जिथे तुमच्या कंपनीने आधी उलटं दाखवलंय, तिथे तेवढं एक वाक्य म्हणा, आमचं चुकलं. परिषदेने ते नियम सोप्या मराठीत एका पानावर छापून दिले, तर मी ते आरशाशेजारी लावीन. आमच्या संघटनेत बोलून तालुक्यातल्या बाकीच्या दुकानांतही लावायचा प्रयत्न करीन.

आणि पुढची अशी जाहिरात लिहायला बसण्याआधी तुमच्यातल्या कुणीतरी एक दिवस इथे यावं अशी विनंती आहे. रविवारी सकाळी आठ ते बारा. बाकावर बसा, चहा मी देईन, कुणाला काही विचारू नका, फक्त ऐका. तो वाहक आता निवृत्त झालाय, पण दर रविवारी नऊच्या सुमाराला येतो. सोमवारी मात्र दुकान बंद असतं.

आपला,
एक सलूनवाला, कराड